यादीतला बारावा ग्रुप

२ फेब्रुवारी

आजपासून सगळं लिहून ठेवणार. नंतर कुणी म्हणायला नको की असं काही झालंच नव्हतं.

समितीने मला फोरमवरून काढलं. काढलं असं म्हणायचं नाही म्हणे, 'थोडा आराम करा' असं म्हणायचं. 'बेतणी'च्या फोरमवर अकरा वर्षं मी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देतोय. बेतणी हा कपडे बेतायचा प्रोग्राम. मापं भरली की कापडावर ठेवून कापायचा नमुना कागदावर छापून मिळतो. ओपन सोर्स आहे, म्हणजे फुकट आणि आतलं सगळं उघडं. कुणीही घ्यावं, कुणीही सुधारावं. त्यातलं बाहीच्या मुंढ्याचं, म्हणजे बाही खांद्याशी जोडायच्या गोलाईचं, गणित माझं. जिथे कुठे बेतणीवर बाही निघते ती माझ्या गणिताने निघते. आणि मला सांगतात, तुमचा सूर फार कडक आहे.

सूर! मी काय तिथे गाणं म्हणायला बसलो होतो? ऑफिसात वीस वर्षं दुकानदारांचे वजनकाटे तपासतोय. काटा चुकला तर चुकला म्हणतो, दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून पाच ग्रॅम सोडून देत नाही. फोरमवरही तेच केलं. एकशे बारा पानांची माहितीपुस्तिका मी स्वतः लिहिली आहे. ती न वाचता लोक विचारायला येतात. मी पान नंबर देतो आणि प्रश्न बंद करतो. यात कडक काय आलं?

बायकोला सांगितलं. ती आतल्या खोलीत शिवणाच्या मशीनवर होती, कानात इयरफोन. एक काढून ऐकून घेतलं, "बरं," म्हणाली, परत घातला. दिवसभर गाणी तरी ऐकत असते नाहीतर बहिणीशी बोलत तरी असते. हिच्याच शिवणकामासाठी म्हणून मी बेतणीत पडलो होतो. आता तिला त्याचं काहीच नाही.

५ फेब्रुवारी

अध्यक्षबाईंचा फोन. समितीच्या अध्यक्ष. कधी भेट नाही, ओळख फोनवरचीच, पण गोड बोलून काम गळ्यात मारण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. बेतणी वापरणाऱ्यांचे बाहेर बरेच ग्रुप आहेत, ज्याने त्याने आपापल्या फोनवर काढलेले. आमच्या ताब्यात नसलेले, म्हणजे अनधिकृत. नव्या माणसाला ते सापडत नाहीत. त्यांची यादी करून आपल्या पानावर लावायची आहे, आणि ती 'तुमच्याइतकी चोख कोण करणार?'

म्हणजे मला घरातून बाहेर काढायचं आणि वर अंगण झाडायला सांगायचं.

पण पुढे म्हणाल्या, एप्रिलमध्ये समिती बसेल तोवर यादी पुरी झाली आणि कुणाची तक्रार आली नाही, तर फोरमची किल्ली तुम्हाला परत द्या असं मी सुचवेन. मी हो म्हणालो. मला किल्ली हवी आहे. स्वतःच्या वहीत खोटं कशाला लिहू? संध्याकाळी ऑफिसातून आलो की काय करायचं तेच कळत नाही. कालपासून दोनदा कपाट आवरलं.

९ फेब्रुवारी

यादीचे नियम लिहिले. एकूण नऊ. महत्त्वाचे हे: ग्रुपची लिंक सगळ्यांना उघडी हवी. मी आत जाऊन तीस दिवसांचं बोलणं वाचणार आणि शेरा देणार. नोंद करण्याआधी ग्रुपात सूचना टाकणार, सात दिवसांत लेखी हरकत आली नाही तर संमती समजणार.

अध्यक्षबाईंना पाठवले. 'छान!' असं आलं. वाचले नसणार.

१८ फेब्रुवारी

अकरा ग्रुप झाले. एकेक नमुने. एका ग्रुपात चार महिने फक्त सुप्रभात चाललं आहे. एकात दोनच माणसं आहेत आणि त्यांचं भांडण आहे. एकात सगळे कॉलेजातले, नाटकाचे कपडे शिवतात, त्यांनी मला 'काका' म्हणून उडवून लावलं. अकराही ठिकाणी सूचना टाकली. हरकत कुठेच नाही.

ऑफिसातल्या जोडीदाराला यादी दाखवली. तो म्हणाला, "हे सगळं कोण वाचणार हो?" यापुढे त्याला काही दाखवायचं नाही.

२१ फेब्रुवारी

पँटची उंची कमी करायला कोपऱ्यावरच्या टेलरकडे गेलो होतो. घरी बायको शिवते, पण तिच्याकडे म्हणे बाहेरचं काम खूप आहे. टेलरच्या टेबलावर बेतणीचा छापील नमुना! छाती भरून आली. विचारलं, कसा वाटतो प्रोग्राम? म्हणाला चांगलाय, पण अडलं की ग्रुपात विचारतो, तिथे एक ताई आहेत, चुटकीसरशी सांगतात. कुठला ग्रुप? 'उसवलं तर'. माझ्या यादीत हे नाव नाही.

लिंक मागितली, लगेच दिली. मग मी सांगितलं की मी बेतणीवाला आहे, फोरम मीच सांभाळायचो, पुस्तिकाही माझीच. त्याचा चेहरा एकदम बदलला. "साहेब, ती लिंक राहू द्या," म्हणाला. मी म्हटलं, दिलेली वस्तू परत मागतात होय? हसला नाही. पँट मंगळवारी देतो म्हणाला.

२२ फेब्रुवारी

'उसवलं तर'मध्ये दोनशे त्रेसष्ट माणसं! सगळ्यात मोठा ग्रुप, आणि मला पत्ता नाही. याच्याशिवाय यादी म्हणजे दाराशिवाय घर.

आत शिरलो तर एक अट. नव्या माणसाने स्वतः शिवलेल्या एका वस्तूचा फोटो दिवसभरात दाखवायचा, नाहीतर बाहेर. या ॲपवर नंबर दिसत नाहीत, नुसती टोपणनावं. ग्रुप सांभाळणाऱ्या बाईचं नाव 'टाचणी'. मी 'यादीवाला' नावाने गेलो होतो.

आता आली का पंचाईत. मी आयुष्यात बटण लावलेलं नाही. मुंढ्याचं गणित मांडायला सुई धरावी लागत नाही. शेवटी कपाटातून करडं जाकीट काढलं, आतलं अस्तर दिसेल असा फोटो काढला आणि पाठवला. जाकीट माझंच आहे. म्हणजे घालतो मीच.

थोड्या वेळाने टाचणीबाईंनी विचारलं, "अस्तराला हातशिलाई कुणाची?"

मी लिहिलं, "माझीच."

त्यावर काही नाही. रात्री जेवताना बायकोने विचारलं, "करडं जाकीट कशाला काढलं होतंत?" हिची नजर म्हणजे नजर आहे. ऊन दाखवायला काढलं, असं सांगितलं. "बरं," म्हणाली.

२३ फेब्रुवारी

दुपारी टाचणीबाईंचं उत्तर आलं. "स्वागत आहे." एवढंच. चोवीस तास लागले दोन शब्दांना.

२६ फेब्रुवारी

तीस दिवसांचं वाचून काढलं. वाचण्यासारखं फारसं नाहीच, कारण ही मंडळी लिहीत नाहीत, बोलतात. जिकडेतिकडे आवाजी निरोप. दोन मिनिटांचे, चार मिनिटांचे. चारशेच्या वर असतील. ते ऐकत बसायला मी काही रिकामा नाही. ज्याला नीट लिहिता येत नाही त्याला नीट विचारही करता येत नाही, हे मी फोरमवर कितीदा सांगितलं आहे.

जे लिहिलेलं आहे त्यात 'पुस्तकवाले' म्हणून कुणाची यथेच्छ चेष्टा. 'पुस्तकवाल्यांकडे जाल तर पान नंबर घेऊन याल.' 'पुस्तकवाल्यांनी माझा प्रश्न बंद केला, आता माझं तोंडही बंद.' माझ्या जागी फोरमवर जो पोरगेला माणूस बसवलाय, तोच हा असणार. पान नंबर द्यायची पद्धत माझीच उचलली त्याने, पण जमली नाही. वाचून बरं वाटलं, खोटं का बोला. मीही एक हसरा चेहरा टाकला.

फोटो पुष्कळ आहेत. पाठीला पोक आलेल्या बाईचा झगा. एक हात आखूड असलेल्या माणसाचा सदरा. एका बाईचं एका बाजूचं ऑपरेशन होऊन छाती काढली आहे. तिने अंगावर घालून ब्लाउजचे फोटो टाकलेत, चेहरा नाही. खाली टाचणीबाईंचे सहा आवाजी निरोप आणि शेवटी त्या बाईचं लिहिलेलं, "चार वर्षांनी आरशात पाहिलं."

हे वाचून थोडा थांबलो. हे उघड्यावर लावण्यासारखं आहे का, असं मनात आलं. पण मग यादी अकरावरच थांबते, सगळ्यात मोठा ग्रुप बाहेर राहतो आणि अध्यक्षबाई विचारणारच. शिवाय मी कुणाचे फोटो लावत नाहीये, लिंक लावतोय. आणि हे ज्ञान चार लोकांना मिळालं तर वाईट काय? ओपन सोर्स म्हणतात ते यालाच.

६ मार्च

'उसवलं तर'मध्ये सूचना टाकली. नियम क्रमांक सातसकट, तोच लेखी हरकतीचा. मुदत तेरा तारखेपर्यंत.

१० मार्च

अकरा आवाजी निरोप आलेत. टेलरचा एक, टाचणीबाईंचा एक, बाकी कोण कोण. लेखी एकही नाही. मी परत एकदा लिहिलं, 'हरकत असल्यास कृपया लेखी कळवावी.' त्यावर आणखी तीन आवाजी निरोप. लिहायला काय हात मोडलेत का यांचे?

संध्याकाळी चहा देताना बायकोने आपण होऊन विचारलं, तुमच्या यादीचं कुठवर आलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी खूश होऊन सगळं सांगितलं. बारावा ग्रुप राहिलाय, तिथे कुणाचीच हरकत नाही, हेही सांगितलं.

"ऐकलंत सगळ्यांचं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, सगळं वाचलंय. ती मग कप न घेताच आत गेली. अलीकडे तिची तब्येत ठीक नसते की काय कोण जाणे.

१४ मार्च

मुदत संपली. लेखी हरकत शून्य. 'उसवलं तर'ची नोंद केली. क्रमांक बारा. शेऱ्यात मी सढळ हाताने लिहिलं: 'अवघड अंगकाठीच्या मापांसाठी सर्वोत्तम. जरूर सामील व्हा.' अशी स्तुती मी कुणाची करत नाही. टाचणीबाईंना आनंद होईल.

यादी पानावर गेली. अध्यक्षबाईंनी फोन करून शाबासकी दिली. पुस्तिकेच्या वेळीसुद्धा फोन आला नव्हता.

१६ मार्च

दोन दिवसांत 'उसवलं तर'मध्ये नव्वद नवे लोक! सांगत नव्हतो मी?

फोटो मात्र कुणी टाकत नाही. टाचणीबाई एकेकाला बाहेर काढताहेत, पण दहा काढेतो वीस येतात.

१७ मार्च

वाईट झालं. लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितो.

नव्यांपैकी दोघातिघांनी त्या ऑपरेशनवाल्या बाईचे फोटो वर काढले. त्यावर जे लिहिलं ते मी इथे उतरवणार नाही. एकाने फोटो बाहेर कुठेतरी नेऊन लावला आणि खाली हसणारे चेहरे मिळाले म्हणून परत येऊन सांगितलं. त्या बाईने एकच ओळ लिहिली, "मला इथे कुणी बघणार नाही असं सांगितलं होतं." आणि गेली.

मी ताबडतोब लिहिलं की असं वर्तन नियम क्रमांक पाचमध्ये बसत नाही.

१९ मार्च

सकाळी ग्रुपात माणसं एकशे चार. दुपारी एकसष्ट. भांडण नाही, निरोप नाही, एकेक जण नुसता बाहेर. टेलरही गेला. संध्याकाळी त्याच्या दुकानात गेलो तर इतके दिवस न्यायची राहिलेली पँट घडी करून हातात दिली आणि आत गिऱ्हाईक आहे म्हणाला. आत कुणी नव्हतं.

टाचणीबाईंनी उरलेले सगळे टवाळ बाहेर काढले. मग ग्रुप माझ्या नावावर केला. पडद्यावर ओळ आली: 'आता हा ग्रुप तुम्ही सांभाळता.' तिच्याखाली दुसरी: 'टाचणी बाहेर पडल्या.'

दोनशे त्रेसष्टांचा ग्रुप, आत मी एकटा. असं कोण वागतं? एखाद्याने दोन ओळी लिहून सांगितलं असतं तर?

२० मार्च

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तपासणीच्या खोलीत बसलो आणि ते चौदा आवाजी निरोप लावले.

पहिला टेलरचा. "यादीवाले साहेब, हात जोडतो, इथे आमच्या बायका-मुली मापं देतात, बाहेर लावू नका." दुसरी एक म्हातारी बाई, तिला लिहिता येत नाही, ते तिने आधीच सांगितलं. मग बोलली. तिसरी ऑपरेशनवाली. ती म्हणते, माझे फोटो काढून टाकायला मला एक महिना द्या, मला जमत नाही, भाचीला बोलवावं लागेल. चौदाही जणांनी नाही म्हटलं होतं. स्पष्ट, मुदतीच्या आत.

सातवा टाचणीचा. चार मिनिटं दहा सेकंद.

"अहो, मी बोलतेय."

माझी बायको.

जसंच्या तसं उतरवतो. तीनदा ऐकलंय.

"अहो, मी बोलतेय. तुम्हीच आहात हे मला पहिल्याच दिवशी कळलं. ते जाकीट मी आपल्या लग्नाच्या वर्षी शिवलंय, त्याची टीप न् टीप मला ठाऊक आहे. तुम्ही 'माझीच' म्हणून लिहिलंत तेव्हा तुम्हाला काढणार होते. नाही काढलं. म्हटलं, राहू दे, ऐकेल तरी. सहा वर्षांपूर्वी मी दुसऱ्या नावाने तुमच्या फोरमवर विचारलं होतं की पाठीला पोक असेल तर माप कसं भरायचं. तुम्ही पान चाळीस बघा म्हणून प्रश्न बंद केलात. पान चाळीसवर सरळ पाठ आहे हो. मी आतल्या खोलीत होते, तुम्ही बाहेरच्या खोलीत होतात. त्या दिवशी हा ग्रुप काढला. मी हे घरात सांगू शकले असते. घरात मी सांगते तेव्हा तुम्ही मान हलवता आणि स्क्रीनकडे बघता. म्हणून सगळ्यांच्या देखत इथे सांगते. या बायका माझ्या भरवशावर अंग दाखवतात. हे यादीत टाकू नका. एवढं माझं ऐका."

मागे मशीन चालू आहे. आणि मधेच लांबून एका माणसाचा आवाज येतो. "अगं, किती बोलतेस बहिणीशी, जरा हळू." तो माणूस मी.

पुस्तकवाले म्हणजे कोण, तेही आता कळलं. हसरा चेहरा टाकला होता मी.

२१ मार्च

बारावी नोंद काढली. अध्यक्षबाईंचा लगेच फोन. अहो, समितीने यादी पाहिली, बारावाच ग्रुप सगळ्यांना आवडला, परत लावा. मी म्हटलं, तो ग्रुप आता नाही. नाव असू द्या की, म्हणाल्या, यादी भरलेली दिसते. मी नाही म्हणालो. बरं म्हणाल्या, पण तक्रार वगैरे काही नाही ना? लेखी नाही, असं सांगितलं. खरंच तर होतं. फोन ठेवल्यावर स्वतःची किळस आली.

२७ मार्च

घरात ती काहीच म्हणत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. वेळेवर चहा, वेळेवर जेवण. मी ऐकले ते निरोप, एवढं सांगायला आठवडाभर तिच्या दारापर्यंत जाऊन परत येतोय. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि स्वतःच्या बायकोशी कुठून सुरू करायचं ते कळत नाही.

४ एप्रिल

समिती बसली. यादी एकमताने मंजूर. फोरमची किल्ली परत मिळाली. उघडून बघितलं, एकोणीस प्रश्न पडून आहेत. एकालाही हात लावला नाही.

५ एप्रिल

आज आत गेलो. ती काज करत होती. उभ्याउभ्याच सांगितलं, सगळे निरोप ऐकले, उशिरा ऐकले, चूक माझी. तिने हातातलं काज पुरं केलं. मग म्हणाली, त्या बाईने फोन बंद केलाय. मी ब्लाउज शिवून ठेवलेत तीन, न्यायला आली नाही. तिच्या भाचीने सांगितलं, परत नवऱ्याचे ढगळे शर्ट घालते.

मी विचारलं, बाकीच्या कुठे गेल्या? नवा ग्रुप काढलाय, म्हणाली. सगळ्या आल्या, तेवढी एक सोडून. मी म्हटलं, मला घ्याल का? बोलणार नाही, लिहिणार नाही. पोक असलेल्या पाठीचं गणित बेतणीत घालायचं म्हणतो, त्यासाठी नुसतं ऐकेन.

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "विचारते," म्हणाली.

८ एप्रिल

तीन दिवस वाट पाहिली. ऑफिसात एका दुकानदाराचा काटा दोनदा तपासला, तरी आकडा लिहायचा राहिला. आज घरी आल्याआल्या तिच्या खोलीत जाऊन विचारलं, काय म्हणाल्या?

नाही म्हणाल्या, असं तिने सांगितलं. सगळ्यांनी मत दिलं. टेलरनेही.

"आणि तू?"

तिने कापड सपाट केलं, कात्री उचलली.

"सगळ्यात आधी मीच नाही म्हटलं," ती म्हणाली. आणि जाताना दार लोटून घ्यायला सांगितलं, तिला ग्रुपात बोलायचं होतं.